ग्लायडरमध्ये आधी काय बसवू: ट्रान्सपाँडर की फ्लार्म?

उंचघार
नमस्कार. माझं फायबरग्लासचं जुनं एकआसनी ग्लायडर आहे. पॅनेलवर रेडिओ आणि व्हेरिओ (चढ-उताराचा वेग दाखवणारं मीटर), बाकी काही नाही. चार-पाच तास वर असते. आम्ही उडतो तिथून प्रवासी विमानं उतरायला खाली येतात. मागच्या महिन्यात मी घिरट्या घेत असताना एक माझ्या डाव्या पंखाखालून गेलं. त्याला मी दिसले होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. या हंगामात एकाच उपकरणाचे पैसे आहेत: ट्रान्सपाँडर (रडारला आणि मोठ्या विमानांना रेडिओवर उत्तर देणारा) किंवा फ्लार्म (मुख्यतः ग्लायडरांना एकमेकांपासून सावध करणारं), त्यामुळे कृपया दोन्ही घ्या म्हणू नका. बॅटरीही एकच आहे, लेडची, १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास, तीन वर्षं वापरलेली. जाणकारांनी सांगावं.

थर्मलवेडा
फ्लार्म. ग्लायडर पायलटांनीच स्वित्झर्लंडमध्ये २००४ साली सुरू केलेली गोष्ट आहे, त्यामुळे थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) गोल फिरणारं विमान पुढे कुठे असेल याचा हिशेब त्यात धरलेला आहे. आपला पुढच्या काही सेकंदांचा मार्ग ते जीपीएसवरून काढतं आणि रेडिओवर सांगतं. दुसऱ्याचा मार्ग ऐकतं, आणि दोन्ही भिडणार असतील तरच वाजतं. गेल्या स्पर्धेत आम्ही सात जण एका थर्मलमध्ये होतो. एक जण माझ्या पोटाखालून चढत आला. तिथलं मला दिसणं शक्यच नव्हतं. फ्लार्म वाजलं, मी वळण सैल केलं. काही क्षणांनी मी जिथे असायला हवा होतो तिथून तो वर आला.

निवांत_कप्तान
ताई, प्रवासी विमानाला फ्लार्म दिसत नाही. त्याचं टीकॅस (टक्कर टाळायची यंत्रणा) १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं आणि ट्रान्सपाँडर १०९० वर उत्तर देतो. उत्तर आलं नाही तर त्याच्या पडद्यावर तुम्ही नाहीच.
२८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेत नेवाडात हॉकर ८००एक्सपी जेट आणि एएसडब्ल्यू-२७ ग्लायडर सुमारे १६,००० फुटांवर धडकले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर होता, पण बॅटरी रेडिओसाठी राखायची म्हणून तो चालू केलेला नव्हता. ग्लायडरवाला पॅराशूटने उतरला, जेट चाकांविना पोटावर उतरलं, सगळे वाचले. ट्रान्सपाँडर घ्याल तर २५० वॅट ताकदीचा घ्या, माझ्याकडे तोच आहे.

थर्मलवेडा
जेटशी टक्कर क्वचित होते हो. ग्लायडरला खरा धोका ग्लायडरचाच.

फ्यूज_आधी
नेवाडाचा किस्सा खरं तर बॅटरीचा आहे, आणि तिच्यावर कुणीच बोलत नाहीये. रेडिओ आणि व्हेरिओ मिळून ०.३ अँपिअर धरा, छोट्या ट्रान्सपाँडरचे आणखी तेवढेच. पाच तासांत ३ अँपिअर-तास गेले. वरच्या थंडीत तीन वर्षांची लेड बॅटरी ४ तरी देईल का, शंका आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. चार्जर तिचाच हवा आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाशीच हवा, पॅनेलमागे नाही. एक लक्षात ठेवा, तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून व्होल्टमीटरवर विसंबू नका, तास मोजा.

जुना_पतंग
तीस वर्षं उडतोय, पॅनेलवर यातलं काही नाही. नजर बाहेर ठेवा. हल्लीची मुलं स्क्रीनमध्ये डोकं घालून बसतात.

कडेकपारी
काका, नजर बाहेर हवीच, पण धडकेच्या मार्गावर असलेलं विमान कॅनॉपीत (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणात) एकाच जागी थांबल्यासारखं दिसतं. डोळा हलणारी वस्तू पटकन पकडतो, न हलणारा ठिपका सुटतो. आणि तो मोठा दिसायला लागेपर्यंत हातात फार थोडे सेकंद उरतात.

जुना_पतंग
म्हणूनच सतत मान फिरवत राहायची, आम्हाला तेच शिकवलंय.

सोनपंख
दोन्ही घ्या. माझ्याकडे पॉवरफ्लार्म (ट्रान्सपाँडरची उत्तरंही ऐकणारं फ्लार्म) आणि मोड-एस (विमानाचा पत्ताही पाठवणारा) ट्रान्सपाँडर दोन्ही आहेत. बसवून घेतल्यावर पहिल्याच उड्डाणात कुणीतरी अगदी चिकटून उडतंय अशी सूचना सुरू झाली, आणि मी तासभर आकाश शोधत मान मोडून घेतली. तो माझाच ट्रान्सपाँडर होता. बसवणाऱ्याने फ्लार्ममध्ये माझ्या विमानाचा आयसीएओ पत्ता (प्रत्येक विमानाचा वेगळा ओळख-क्रमांक) भरलाच नव्हता. दोन्हीकडे एकच पत्ता असेल तर फ्लार्म स्वतःला ओळखतं. फर्मवेअरही वर्षातून एकदा तरी अद्ययावत करा.
अँटेनाबद्दल: माझं नाक कार्बनचं आहे, त्याच्या आत लपवलेल्या अँटेनाला समोरचं जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. तुमचं फायबरग्लास आहे, ते लहरी अडवत नाही. पण ट्रान्सपाँडरच्या छोट्या दांडीला खाली धातूची चकती लागेल, आणि ती बसल्या जागेपासून दूर हवी.

हवामहाल
फ्लार्मच. वर कुणी सांगितलं का माहीत नाही, पण ते पुढचा मार्ग काढतं. +१

उंचघार
सगळ्यांचे आभार. काल क्लबात मोजलं. आमच्या नऊ ग्लायडरांपैकी दोघांतच फ्लार्म आहे, म्हणजे माझं फ्लार्म दोघांशीच बोलणार. माझ्या पंखाखालून गेलेलं विमान त्या दोघांतलं नव्हतं. मी ट्रान्सपाँडर घेतेय.
कप्तान, २५० वॅटचा नको. मी १५,००० फुटांच्या वर जात नाही, आणि तिथपर्यंत क्लास २ (कमी ताकदीच्या वर्गातला) चालतो. १३० वॅटचा घेईन, तो वीजही कमी खातो. पॉवरफ्लार्मवाल्यांना माझी दिशा कळणार नाही, पण अंदाजे अंतर आणि उंचीतला फरक कळेल. बॅटरी लिथियमचीच, त्यासाठी पुढच्या महिन्यातले दोन टो (विमानाने ओढून वर नेणं) कमी करते. आणि ट्रान्सपाँडर टोच्या आधी चालू होईल तो उतरल्यावरच बंद होईल.

निवांत_कप्तान
उंचीचा एन्कोडर (ट्रान्सपाँडरला उंची पुरवणारा) स्टॅटिकला, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब आणणाऱ्या नळीला, जोडल्यावर गळती तपासून घ्या. चुकीची उंची सांगणारा ट्रान्सपाँडर फार वाईट. वजन-तोलाची नोंदही नवी करून घ्या.

थर्मलवेडा
मला अजून पटलेलं नाही. निदान थर्मलमध्ये शिरताना रेडिओवर उंची सांगत जा.

उंचघार
सांगते. आजपासूनच.