चीनवर संशोधन करायचंय, सरकारी नोकरीत. मदत हवी आहे

सिडकोवासी: सोमवारपर्यंत निर्णय द्यायचाय, म्हणून घाईत लिहितोय. मला चीनविषयक संशोधन करायचंय, सरकारात. परराष्ट्र असो वा संरक्षण, कुठेही चालेल. नाशिकमध्ये ज्याला विचारावं तो 'यूपीएससी दे' म्हणतो. मला अधिकारी व्हायचं नाहीये. नेमकी परीक्षा कोणती?

गोदाकाठ: शिक्षण? वय? चिनी येते का? आणि सोमवारी निर्णय कसला? एवढं तरी लिहा.

निवृत्त_मास्तर: यूपीएससीच द्या. आपले विजय गोखले बघा. परराष्ट्र सेवेची १९८१ची तुकडी, मँडरिन चिनी अस्खलित, चीनमध्ये राजदूत, पुढे २०१८ला परराष्ट्र सचिव.

दिल्लीहून_परत: मास्तर, तेच गोखले मलेशियात उच्चायुक्त होते आणि जर्मनीत राजदूतही. परराष्ट्र सेवेत बदली होईल तिथे जावं लागतं. या मुलाला एकच विषय धरून बसायचंय. वेगळी वाट आहे ती.

एन_थ्री_पास: चिनी सोडा, जपानी शिका. पुण्यात आयटीवाले लगेच घेतात.

गोदाकाठ: त्याने जपानीचं विचारलंच नाहीये हो.

सिडकोवासी: राहिलं. वय २६, राज्यशास्त्रात एम.ए., एचएसके ३ (चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी) ऑनलाइन शिकून पास. सातपूरच्या कंपनीत चिनी पुरवठादारांशी बोलायला माणूस हवाय, त्यांना सोमवारी उत्तर द्यायचंय. की सरळ दिल्ली गाठू?

दिल्लीहून_परत: हे आधी सांगायचं ना! अशी एकच परीक्षा नसते. मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्था संरक्षण मंत्रालयाच्या पैशावर चालते, तिथे संशोधकांच्या जाहिराती निघतात. परराष्ट्र मंत्रालयाचं समकालीन चीन अध्ययन केंद्र आहे. अशा जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात, हे घरी आधीच सांगून ठेव.

पण खरी अडचण भाषेची आहे. एचएसके ३ म्हणजे जुन्या हिशेबाने ६०० शब्द, पाचव्या पातळीला २५००. मी रोज सकाळी 'रनमिन रिबाओ'चं, म्हणजे चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राचं, पहिलं पान उघडायचो. एकीकडे चौकटीची वही, दुसरीकडे कालचा अंक. कुणाचं नाव कुणाच्या आधी आलं, नेहमीचा कोणता शब्द आज गळला, ते लाल पेनने लिहायचो. पहिल्या वर्षी एका परिच्छेदाला तास लागायचा. हे इंग्रजी भाषांतरावर भागत नाही.

निवृत्त_मास्तर: सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ला चीनला गेले, भाषा तिथेच शिकले आणि १९४२ला तिथेच वारले. मनात असलं की जमतं.

दिल्लीहून_परत: मास्तर, ते वैद्यकीय पथकातून गेले होते. याला पगार हवाय.

सिडकोवासी: मग सातपूर घेऊ का? तिथे बोलणंच जास्त, वाचन फारसं नाही.

दिल्लीहून_परत: घे. कान तयार होईल, दिल्लीच्या भाड्याचे पैसेही साठतील. वाचन पहाटे कर. कामाचे तास मात्र होकार देण्याआधी विचार, आणि एचएसके ५च्या परीक्षेची तारीख याच महिन्यात ठरव.