मदत हवी आहे: कंत्राटी कामाच्या मोबदल्यावर कंपनीने पगार म्हणून टीडीएस कापला आहे

चाचणीकार_इंदूर
विजय नगरातील एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी कंत्राटी पद्धतीने चाचणीचे काम करतो. आजवर माझ्या बिलावर कलम १९४ जे (व्यावसायिक मोबदला) खाली दहा टक्के टीडीएस कापला जात असे आणि मी कलम ४४ एडीए प्रमाणे निम्मी रक्कम उत्पन्न दाखवून सुगम विवरणपत्र भरत असे. या वेळी २६ एएस (कापलेल्या कराचा तपशील) उघडले तर तिथे पगारासाठीचे कलम १९२ दिसले आणि पाठोपाठ कंपनीकडून पगारदारांना मिळणारा फॉर्म १६ सुद्धा आला. मी कर्मचारी नाही. लेखाविभागाचे म्हणणे असे की आता काही बदलता येणार नाही. यापुढे मला कर्मचारी धरले जाऊ नये यासाठी करारात नेमके कोणते वाक्य घालावे, एवढेच कृपया सांगावे. शनिवारी सीएंकडे जायचे आहे.

निवृत्त_लेखापाल
शनिवार जवळ आला आहे हे खरे, परंतु आपण प्रश्न अर्धाच लिहिला आहे. महिन्याची रक्कम किती, ती ठरलेली आहे की कामानुसार बदलते, दुसरे ग्राहक आहेत का, लॅपटॉप कोणाचा, हजेरी लावावी लागते का आणि सुट्टी घेतल्यास पैसे कापले जातात का, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न बघता औषध देण्यासारखे आहे. ‘या करारामुळे मालक व कर्मचारी असे नाते निर्माण होत नाही’ हे वाक्य बहुतेक करारांत असतेच. प्रत्यक्ष व्यवहार उलटा असेल तर त्याचा उपयोग होत नाही.

सुदामानगरचा_सुदामा
एवढा ऊहापोह कशासाठी? जीएसटी क्रमांक घ्यावा आणि दर महिन्याला त्या क्रमांकाचे बिल द्यावे. कर्मचारी मालकाला जी सेवा देतो ती जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार पुरवठाच मानली जात नाही, म्हणजे आपण जीएसटी लावला की आपण कर्मचारी नाही हे आपोआप सिद्ध होते. मी २०१८ पासून असेच करत आहे.

निवृत्त_लेखापाल
सुदामाजी, आपण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल केली आहे. कर्मचारी नसलेल्याची सेवा पुरवठा ठरते, हे बरोबर आहे. पण बिलावर क्रमांक छापला म्हणून कर्मचारी व्यावसायिक होत नाही. शिवाय मध्य प्रदेशात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला वीस लाखांची आहे. त्याखाली असताना हौसेने नोंदणी केल्यास १८ टक्के आकारणी आणि विवरणपत्रांचा व्याप मात्र नक्की मागे लागेल.

सुदामानगरचा_सुदामा
मला आजवर एकही नोटीस आलेली नाही, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

राजवाडा_ते_लंडन
माझा पुतण्या लंडनला असतो, म्हणून तिकडची माहिती देतो. तिथे यासाठी आयआर-३५ नावाचे नियम एप्रिल २००० पासून आहेत. स्वतःची छोटी कंपनी काढून प्रत्यक्षात एकाच ठिकाणी नोकरीसारखे काम करणाऱ्यांना ते लागू होतात. आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येते का, कामाच्या पद्धतीवर कोणाचे नियंत्रण आहे आणि काम देण्याचे व घेण्याचे परस्पर बंधन आहे का, हे तिथे पाहतात. २०२१ पासून खासगी क्षेत्रातील मध्यम व मोठ्या कंपन्यांना हा निर्णय स्वतः करावा लागतो. आपल्याकडेही असे स्पष्ट नियम हवेत.

चाचणीकार_इंदूर
लंडनबद्दल मी विचारले नव्हते. रक्कम दरमहा १,४०,००० आहे आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ आहे. बाकीच्या गोष्टींचा कराशी काय संबंध, हे समजले नाही. कृपया वाक्य सांगावे.

वकिली_चष्मा
त्या बाकीच्या गोष्टींवरच सगळे अवलंबून आहे. धारंगधरा केमिकल वर्क्सचा खटला १९५७ च्या निर्णयसंग्रहांत सापडतो. मिठागरातील अगरिया स्वतःचे मदतनीस आणत आणि त्यांना मोबदला मिठाच्या वजनावर मिळे. तरीही काम कसे करावे यावर मालकाची देखरेख होती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार मानले.

निवृत्त_लेखापाल
आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. तो खटला औद्योगिक विवाद कायद्याखालचा आहे आणि तिथे कामगाराला संरक्षण देण्याकडे कल असतो. करासाठी अधिक जवळचा दाखला पुण्याच्या ग्रँट मेडिकल फाउंडेशनचा आहे. तिथल्या सल्लागार डॉक्टरांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आयकर विभागाचे म्हणणे मान्य केले नाही आणि त्यांच्या मोबदल्यावर १९४ जे खालची कपात योग्य ठरली.

वकिली_चष्मा
दाखला मान्य, परंतु त्यातही न्यायालयाने कराराचे मथळे न पाहता अटीच तपासल्या. प्रश्नकर्त्यांनी अटी लिहिल्याच नाहीत, हे माझे म्हणणे कायम आहे.

रामबाग_३
एक व्यक्ती कंपनी स्थापन करावी आणि करार त्या कंपनीच्या नावाने करावा. प्रश्न मुळातूनच संपेल.

निवृत्त_लेखापाल
त्यासोबत ४४ एडीए सुद्धा संपेल, कारण ती सवलत निवासी व्यक्तींना आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) नसलेल्या भागीदारी संस्थांना आहे, कंपनीला नाही. आता हिशेब पाहा. प्रश्नकर्त्यांना वर्षाला १६,८०,००० मिळतात. नव्या करप्रणालीत हा सगळा पगार धरला, तर ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १६,०५,००० उरतात आणि उपकरासह कर १,२५,८४० येतो. सगळा व्यावसायिक मोबदला धरला, तर उत्पन्न ८,४०,००० होते आणि कलम ८७ अ च्या सवलतीमुळे कर शून्य येतो. या फरकामुळे विभाग अशा प्रकरणांकडे बारकाईने पाहतो. कंपनीने पगारावर कमी कपात केल्याचे ठरले, तर कलम २०१ खाली ती रक्कम आणि दरमहा एक टक्का व्याज तिच्या गळ्यात पडते, त्यामुळे शंका असली की लेखाविभाग १९२ कडेच झुकतो. म्हणून पुन्हा विचारतो: हजेरी, सुट्ट्या, लॅपटॉप आणि दुसरे ग्राहक?

चाचणीकार_इंदूर
ठीक आहे, करार काढून वाचला. सप्टेंबर अखेरपर्यंत मी राजेंद्र नगरच्या घरातून, स्वतःच्या लॅपटॉपवर काम करत होतो आणि आणखी एका ग्राहकाचे छोटे काम अधूनमधून घेत होतो. त्याचे पैसे मागच्याच वर्षी मिळून गेले होते. १ ऑक्टोबर २०२५ ला करार नव्याने झाला. तेव्हा मीच म्हटले होते की दिवाळीत घरी बसलो की पैसे बुडतात, म्हणून बारा भरपगारी सुट्ट्या द्याव्यात. त्यांनी त्या दिल्या. त्याबरोबर दहा ते सातची बायोमेट्रिक हजेरी, कंपनीचा लॅपटॉप आणि दुसरीकडे काम न करण्याची अट आली. चौथ्या पानावर आहे, मी सही करताना वाचले नव्हते. २६ एएस मध्येही १९२ ऑक्टोबरपासूनच आहे, आधीच्या नोंदी १९४ जे मध्येच आहेत. हे आधी पाहायला हवे होते.

वकिली_चष्मा
मग ऑक्टोबरपासून आपण कर्मचारीच आहात. कर वाचवण्याच्या नादात भविष्य निर्वाह निधी मागायचा राहून जाऊ नये.

निवृत्त_लेखापाल
अखेर प्रश्न पूर्ण झाला. पहिले सहा महिने व्यावसायिक मोबदला ८,४०,००० धरावा, त्याचे निम्मे ४,२०,००० होतात. पुढचे सहा महिने पगार ८,४०,०००, त्यातून ७५,००० वजा जाऊन ७,६५,०००. एकूण ११,८५,०००, म्हणजे बारा लाखांच्या आत, आणि कर शून्य. कंपनीने कापलेला टीडीएस परत मिळेल. दोन्ही उत्पन्ने सुगममध्येच दाखवता येतात. यापुढे व्यावसायिक राहायचे असेल, तर वाक्य घालून भागणार नाही. सुट्ट्या, हजेरी आणि दुसरीकडच्या कामावरची बंदी या तिन्ही गोष्टी सोडाव्या लागतील.

मुदत ठेवीचे किंवा बचत खात्याचे व्याज किती आहे, हे मात्र आपण लिहिलेले नाही.

चाचणीकार_इंदूर
१९,००० आहे. त्याचा संबंध आहे का?

निवृत्त_लेखापाल
आहे. एकूण १२,०४,००० झाले. सीमांत सवलतीमुळे कर बारा लाखांवरच्या ४,००० एवढाच, उपकरासह ४,१६० रुपये. शनिवारी जाताना व्याजाचे प्रमाणपत्र सोबत न्यावे.

सुदामानगरचा_सुदामा
आणि जीएसटी क्रमांकाचा एकदा विचार करावा.