मुलाची विशेष शाळा मार्चमध्ये संपतेय. पगाराच्या नोकरीसाठी कुठून सुरुवात करू?

मुलुंडची_आई:
मुलाला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. मार्चमध्ये १८ पूर्ण होतील, मग शाळा बंद. शाळेत पणत्या रंगवतो, कागदी पिशव्या करतो, हात एकदम नीट आहे. मोठ्या मुलीचा पहिला पगार झाला, तिने पेढे आणले, तेव्हापासून रोज विचारतो, "आई, माझा पगार कधी?" मुंबईतलंच काही सुचवा, प्लीज.

विशेष_शिक्षिका:
ताई, मार्चची वाट बघू नका. शाळा सुटून सहा महिने घरी बसलेली मुलं वेळेवर उठायची सवयही गमावतात, हे मी दरवर्षी बघते. शाळा आहे तोवरच आठवड्यातून दोन दिवस खऱ्या दुकानात पाठवा. चुनाभट्टीजवळ एटीआयच्या (आता एनएसटीआय म्हणतात, सरकारी प्रशिक्षण संस्था) आवारात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. तिथे क्षमता तपासून नाव नोंदवतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सोबत न्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत, पण शिक्षणाची अट असतेच, म्हणून तेवढ्यावरच बसू नका. आणि १८ झाल्यावर पालकत्वासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली अर्ज करा, जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती ते बघते.

बोरिवलीचे_बाबा:
माझी मुलगी २४ वर्षांची, डाऊन सिंड्रोम. कांदिवलीला फरसाणच्या कारखान्यात पॅकिंग करते. तिला आकडे कळत नाहीत, म्हणून तिला काम शिकवणाऱ्या बाईंनी काट्याच्या तबकडीवर पाव किलोच्या जागी लाल टिकली चिकटवली. काटा टिकलीवर आला की पिशवी बंद. त्या बाई पहिले तीन आठवडे तिच्या शेजारी उभ्या होत्या. असं माणूस मिळालं नाही तर नोकरी टिकत नाही, हे माझं ठाम मत.
लोकलचं वेगळं शिकवावं लागतं. पंधरा दिवस मी सोबत, मग पंधरा दिवस शेजारच्या डब्यात. फलाट बदलला तर जागेवरून हलायचं नाही, फोन करायचा, एवढं एकच वाक्य घोकून घेतलं.
आधीच्या एका ठिकाणी आठ महिने फुकट राबवलं तिला. "तिचा वेळ जातो ना," म्हणायचे. फार लागलं ते. महिनाभर शिकायला ठीक, पण पगार आधी लिहून घ्या, आणि तो त्याच्याच खात्यात.
जुहूच्या कॅफे अर्पणमध्ये मुलाला नक्की न्या. तिथे त्याच्यासारखीच मुलं ऑर्डर घेताना दिसतील.

दादरचा_छापखाना:
मालक म्हणून सांगतो. आईवडील येऊन मुलाच्या अडचणीच सांगत बसतात. एका बाईंनी तसं केलं नाही. मुलाला टेबलाशी बसवलं, त्याने दोनशे पत्रिका पाकिटांत भरल्या, एकही उलटी नव्हती. त्याच आठवड्यात घेतला. तुम्हीही काम दाखवा.

मुलुंडची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. भांडुपला मावसभावाची बेकरी आहे, शनिवार-रविवार चार तास द्यायला तो तयार झालाय. बारा-बारा नानकटाया डब्यात भरायच्या आहेत, आणि हा दहानंतर चुकतो. टिकलीचं वाचून बटर पेपरवर बारा गोल काढले, प्रत्येक गोलावर एक. काल रात्री मारी बिस्किटं घेऊन बसला होता. सात डबे भरले, एकही गोल रिकामा नव्हता.