अंडरस्कोअर देवनागरीत वेगळा वागतो

वाचनालयाच्या डेटाबेसमधल्या सभासद यादीत 'सुनीता' शोधलं तर 'सुनिता' लिहिलेल्या बायका निसटतात, हा तुमचा प्रश्न. वर कोणीतरी '%सुन%' सुचवलंय. त्याने 'सुनील', 'सुनंदा' सगळेच येतील.

त्याऐवजी एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) लाइक 'सुन_ता%' वापरून बघा; लाइक म्हणजे दिलेल्या नमुन्याशी जुळणारा मजकूर शोधणं. टक्क्याच्या जागी कितीही अक्षरं चालतात, अगदी शून्यसुद्धा. अंडरस्कोअरच्या (_) जागी नेमकं एक. पण मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालींसाठी 'एक' म्हणजे आपलं एक अक्षर नव्हे, एक युनिकोड चिन्ह (संगणकात स्वतंत्र क्रमांक असलेलं चिन्ह). 'नी' म्हणजे न आणि दीर्घ वेलांटी, अशी दोन चिन्हं. म्हणून इथे अंडरस्कोअर बरोबर वेलांटीवर बसतो आणि ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही सापडतात. मराठी नावांसाठी मला ही फार मोलाची गोष्ट वाटते. मात्र 'जोशी' दोन अक्षरी समजून '__' लिहाल तर काही मिळणार नाही. तिथे चार लागतात. 'कुलकर्णी'ला आठ! जोडाक्षरातला हलन्तही मोजला जातो.

सभासद क्रमांक 'पीएन_12' असे असतील तर 'पीएन\_%' लिहा (\ मुळे अंडरस्कोअर साधं चिन्ह ठरतो), नाहीतर 'पीएनए45' पण येईल. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये हा उलटा तिरका दंड (\) आपोआप चालत नाही, तिथे असं चिन्ह कोणतं ते सांगणारं एस्केप कलम जोडा किंवा '[_]' लिहा.

आणि सुरुवातीला टक्का शक्यतो टाळा. नाव कशाने सुरू होतं हेच कळलं नाही तर साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) निरुपयोगी ठरतो, अख्खं टेबल वाचलं जातं. पोस्टग्रेसवर असाल आणि मधलाच तुकडा शोधायचा असेल तर ट्रायग्रॅम इंडेक्स (तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांची सूची) लावा.