मदत हवी आहे: सोपारा ते जुन्नर, नाणेघाटातून सायकलने

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर मी आणि माझा मामेभाऊ नालासोपाऱ्याच्या बौद्ध स्तूपापासून सायकलने निघून कल्याण, मुरबाड, वैशाखरे करत नाणेघाटातून जुन्नरला जाणार आहोत. सातवाहनांच्या काळात सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने जुन्नर आणि पुढे पैठणकडे जायचा. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असलेली लेणी आणि घाटमाथ्यावरचा दगडी रांजण (त्यात जकात गोळा होई असं सांगतात) मला या वाटेनेच चढून बघायचा आहे. माळशेजचा डांबरी रस्ता आहे, पण त्याने गेलो तर मूळ वाटच हुकते.

खरी अडचण वैशाखऱ्याच्या पुढे आहे. तिथून वर दगडी पायऱ्यांची चढण, म्हणजे सायकल खांद्यावरच. आमच्या साध्या हायब्रिड सायकली आहेत, साधारण चौदा किलोच्या, वर सामान. कुणी अशी सायकल चढवली आहे का? शेवटच्या अरुंद घळीत दोघांनी एक-एक करून नेणं जमेल का? गावात सामान वाहायला कुणी सोबत येतं का, आणि काय द्यावं?

दुसरं, वसईची खाडी. भाईंदरला जायच्या रो-रो (गाड्या चढवून नेणाऱ्या) बोटीत सायकल घेतात ना? घोडबंदर रस्त्यावरचे ट्रक शक्यतो टाळायचे आहेत.

लेण्यातल्या टाक्यांचं पाणी नोव्हेंबरात पिण्याजोगं असतं का, तेही सांगा. घाटमाथ्यावरच्या घाटघर गावात मुक्कामाची सोय माहीत असेल तर फारच उपकार होतील.