मदत हवी आहे: ईसॉपसाठी थांबू की नोकरी सोडू?

मंडळी, सल्ला हवाय. मला ईसॉप मिळालेत, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क. त्याचं वेस्टिंग (हक्क टप्प्याटप्प्यानं पक्का होणं) ४ वर्षांचं, पहिल्या वर्षाचा क्लिफ धरून, म्हणजे पहिलं वर्ष भरेपर्यंत काहीच नाही. ३ वर्षं झाली, म्हणजे पाऊण हिस्सा पदरात. पण नोकरी सोडली की ९० दिवसांत स्वतःचे पैसे भरून ते शेअर घ्यायचे, नाहीतर गेले! कंपनी अजून शेअर बाजारात नाही, मग घेतलेले शेअर विकणार कुणाला? (खरं सांगतो, कामाला कंटाळलोय; कागदावरच्या पैशांनीच धरून ठेवलंय.)

मॅनेजर म्हणतात, "खुशाल जा, वाटलं तर परत ये." पण परत आल्यावर बुडालेला हिस्सा मिळतो, की नवी ग्रँट (नव्यानं दिलेले ईसॉप), नवा भाव आणि क्लिफ पुन्हा पहिल्यापासून? असं परत गेलेलं कुणी आहे का? ९० दिवसांची मुदत वाढवून मागितली तर देतात का?