गाडीचं मूनरूफ (छतातली उघडणारी काच) गळतंय, पण रबर तर चांगलं दिसतंय. नक्की कुठे बघू? (मदत हवी आहे)

नमस्कार. गाडी सहा वर्षांची आहे. मूनरूफ कंपनीनेच बसवलेलं, नंतर छत कापून घातलेलं नाही. इतक्या वर्षांत आत थेंब आला नव्हता. गेल्या आठवड्यात सलग दोन दिवस पाऊस लागून होता आणि गाडी उघड्यावर, झाडाखाली उभी होती. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर कुबट वास, आणि सगळ्या काचांना आतून वाफ धरलेली. आई पुढे माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अगं, पायाखाली ओलं लागतंय." मॅट उचलून कार्पेट दाबलं तर बोटांभोवती पाणी वर आलं.

कोडं असं आहे की मूनरूफच्या काचेखाली हात फिरवला तर सगळं कोरडं. थेंब पडताना कुणीच पाहिला नाही. पण समोरच्या काचेच्या कडेचा खांब (ए-पिलर) जिथे छताच्या कापडाला मिळतो, तिथे वीतभर पिवळसर डाग आलाय. शिवाय ब्रेक मारला की डोक्यावर कुठेतरी पाणी डुचमळल्यासारखा आवाज येतो.

दोन ठिकाणी दाखवून आणली. एकाने काचेभोवतीचं रबर गेलंय, नवं टाका असं सांगितलं. दुसरा म्हणाला, चारही बाजूंनी सिलिकॉन भरून टाकतो, मूनरूफ कायमचं बंद, कटकट संपली. दोघांपैकी एकानेही पाणी ओतून पाहिलं नाही, म्हणून माझा धीर होत नाही. मी स्वतः रबरावरून बोट फिरवलं. चीर नाही, कुठे चपटंही झालेलं नाही. ते मऊ राहावं म्हणून पुसून पेट्रोलियम जेली लावली, ते बरोबर केलं का? आईला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे बुरशी धरायच्या आत हे निस्तरायचं आहे. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

आधी एसीचं पाणी नाही ना, ते बघा. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तर तेही बऱ्याच गाड्यांत पुढच्या शेजारच्या सीटच्या पायाशीच येतं. पाऊस नसताना एसी चालवूनही कार्पेट ओलं झालं तर तो संशय धरा.

प्रतिसाद २

एसी असता तर खांबावर वर डाग आला नसता. त्यात ब्रेक मारल्यावर डोक्यावर डुचमळतंय म्हणताय, म्हणजे पाणी मूनरूफच्या चौकटीत साचलंय. जरा सविस्तर लिहितो, कारण रबराबद्दलचा हा गैरसमज सगळीकडे दिसतो.

काचेभोवतीचं रबर पाणी शंभर टक्के अडवण्यासाठी नसतंच. थोडं पाणी त्याच्या कडेने आत येणार हे धरूनच मूनरूफ बनवतात. काचेखाली चारही बाजूंनी एक पन्हळ असते, आत आलेलं पाणी तिच्यात जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. पुढच्या दोन नळ्या ए-पिलरच्या आतून उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीपाशी किंवा चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणामागे सुटतात. मागच्या नळ्या मागच्या खांबांतून उतरून मागच्या बंपरच्या आसपास सुटतात. मॉडेलप्रमाणे जागा थोडी बदलते.

झाडाखालची गाडी म्हटल्यावर पानांचा चुरा, फुलांचा केसर आणि धूळ यांचा चिखल होऊन नळीचं तोंड बुजलं असणार. मग पन्हळ भरते, पाणी कडेवरून सांडतं, छताच्या कापडावरून खांबात आणि खांबातून कार्पेटखाली जातं. म्हणूनच काचेखाली तुमच्या हाताला काही लागलं नाही. अशा वेळी नवं रबर टाकून काहीच फरक पडत नाही. सिलिकॉन तर मुळीच भरू देऊ नका. ते एखाद्या ठिकाणी सुटलं की पाणी पुन्हा आत, आणि पन्हळ साफ करायची वाटही बंद.

तपासायला सोपं आहे. कोरड्या दिवशी काच पूर्ण उघडा, पन्हळीतला कचरा ओल्या फडक्याने टिपून घ्या (ढकलू नका, तो नळीत जाईल). मग एकेका कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या कुणाला गाडीखाली बघायला सांगा. नळी मोकळी असेल तर पाणी लगेच खाली पडायला लागतं. पाणी तिथेच उभं राहिलं की तो कोपरा तुंबलेला. पुढचे कोपरे तपासताना गाडीचं तोंड किंचित उताराकडे ठेवा.

पेट्रोलियम जेली पुसून काढा. गाडीच्या रबराला पेट्रोलियमचे पदार्थ सोसत नाहीत, ते फुगून सैल पडतं. रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस मिळतं, ते अगदी पातळ लावा.

प्रतिसाद ३

नळी मोकळी करताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, मारूही देऊ नका. माझ्या गाडीत एका गॅरेजमध्ये जोरात हवा मारली आणि नळी पन्हळीच्या तोंडावरून निसटली, तीही छताच्या कापडाच्या आत. आधी निदान थेंबथेंब गळत होतं, नंतर सगळं पाणी थेट आतच. अख्खं छताचं कापड उतरवावं लागलं.

कडक तारही नको, नळीला भोक पडतं. गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी घ्या, टोक जरा तापवून गोल करा, म्हणजे ओरखडणार नाही. वरून हळूच फिरवत सरकवा. अडली तर जोर न करता मागे घ्या, कोमट पाणी सोडा, पुन्हा सरकवा. काही गाड्यांत नळीच्या खालच्या टोकाला चिरलेल्या तोंडाची रबरी टोपी असते आणि खरा गाळ तिथेच अडकतो. हात पोचत असेल तर ती दोन बोटांनी चिमटून बघा.

खांबावरचं प्लास्टिक मात्र स्वतः उचकटू नका. बऱ्याच गाड्यांत त्यामागे पडद्यासारखी एअरबॅग असते.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी भावाला गाडीखाली बघायला बसवून चारही कोपरे तपासले. मागचे दोन्ही आणि ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा लगेच वाहिले. आईच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यात पाणी तसंच उभं राहिलं, अगदी हललंसुद्धा नाही. दोरी हातभर गेली आणि अडली. तीन वेळा कोमट पाणी सोडून फिरवल्यावर एकदम काळा चिखल आणि बियांचा गोळा खाली पडला, पाठोपाठ पाण्याची धार. भावाच्या बाहीवरच पडली. खांबाला हात लावला नाही. जेलीही पुसून काढली.

आता कार्पेटचं काय करू? दोन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात उभी केली, वरून हाताला कोरडं लागतं, पण वास जात नाही.

प्रतिसाद २ वाले पुन्हा

वरून कोरडं लागणारच. कार्पेटखाली जाड फोम असतो, पाणी त्याच्यात राहतं. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढली की कार्पेटची कड सुटते. ती उचलून खाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि फोममध्ये कोरडे टॉवेल दाबून, पिळून, पुन्हा दाबा. मग पंख्याचा झोत थेट त्या फटीत सोडा. आमच्या गाडीला पूर्ण वाळायला चार दिवस लागले होते, त्यामुळे घाई करू नका. तोवर आईंना शक्यतो त्या गाडीत बसवू नका. खाली वायरींचे जोड ओले दिसले तर गाडी इलेक्ट्रिशियनला दाखवा. पिवळ्या रंगाचा जोड दिसला तर तो एअरबॅगचा समजा, अजिबात सोडवू नका.

पुढे पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा अर्धा पेला पाण्याची ही तपासणी करत जा. झाडाखाली गाडी लागत असेल तर आणखी वेळा. पाऊस थांबल्या थांबल्या काच उघडू नका, वर साचलेलं पाणी सीटवर येतं. धुताना जोराच्या पाण्याचा फवारा काचेच्या कडेवर धरू नका.

धागाकर्ती

काल रात्रभर जोरात पाऊस झाला. सकाळी खांब, कार्पेट, फोम, सगळीकडे हात घालून बघितलं, पूर्ण कोरडं. ब्रेक मारल्यावरचा आवाजही गेला. डाग राहिलाय, तो राहू दे. फोमला वास अगदी पुसट येतोय, म्हणून पंखा अजून दोन दिवस चालू ठेवते आणि मगच आईला घेऊन जाईन.